खेळ दोषी नाही, खेळ दोष दाखवतो



खेळ खेळून संगणक बिघडतो, अशी एक समजूत आपल्या घराघरांत पक्की बसलेली आहे. मुलगा खेळायला बसतो, वीस मिनिटे होतात न होतात तोच पडदा काळा पडतो, पंखे घरघरतात आणि यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते. मुलगा ओरडतो. स्वयंपाकघरातून आई म्हणते, "बघ, सांगत होते ना!" वडील निकाल देतात की आजपासून खेळ बंद. दुसऱ्या दिवसापासून संगणक मुकाट्याने चालू लागतो. पत्रे लिहिली जातात, फोटो पाहिले जातात, बँकेचे काम होते. मग सर्वांची खात्रीच पटते की गुन्हेगार खेळच होता.

हा निकाल मला मान्य नाही. पोर्ट लुईहून क्यूरपिपला चढताना जुन्या मोटारीचे पाणी उकळले, तर आपण चढाला दोष देतो काय? मोटार सपाटीवर चालते म्हणून ती धडधाकट आहे असे कोणी म्हणत नाही. संगणकाचेही तसेच आहे. पत्र लिहिताना त्याला साठ-सत्तर वॉट वीज पुरते. मोठे ग्राफिक्स कार्ड असेल तर खेळताना तेच यंत्र चारशे-पाचशे वॉट ओढते. प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स कार्ड आणि वीज पुरवणारा डबा या चौघांना एकाच वेळी पूर्ण ताकदीने राबवणारे काम आपल्या घरात दुसरे कोणते असते? म्हणून कुठे काही कच्चे असेल तर ते खेळातच उघडे पडते. खेळ बंद केल्याने दोष जात नाही, फक्त तो दिसेनासा होतो. आणि तो दिसेनासा झालेला दोष पुढे कधी मुलाच्या परीक्षेच्या कामावर, तर कधी घरच्या लग्नाच्या फोटोंवर येऊन पडतो.

मुलांनी किती वेळ खेळावे हा प्रश्न निराळा आहे. तो घराघरांत ज्याने त्याने सोडवावा. परंतु यंत्राच्या दुखण्याचा आधार घेऊन तो सोडवू नये, कारण त्यात मुलाला शिक्षा होते आणि यंत्राचे दुखणे मात्र तसेच राहते.

हे मी रास अल खैमाहून लिहीत आहे. अमिरातींमधले हे सर्वांत उत्तरेकडचे राज्य. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला हजर पर्वत, डोंगराच्या पायथ्याला दगडाच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने. 'शमाल' म्हणतात तो वायव्येचा वारा सुटला की पिठासारखी बारीक धूळ बंद खिडकीतूनही आत येते. जून ते सप्टेंबर पारा चाळीस अंशांच्या वर चढणे ही रोजची गोष्ट. २०२५ च्या मे महिन्यात अबू धाबी राज्यातल्या स्वैहान येथे ५१.६ अंशांची नोंद झाली. रात्री समुद्रावरून इतकी दमट हवा येते की खिडकीच्या काचांवर बाहेरून पाणी ओघळते. आपल्या बेटावरचे अनेक तरुण नोकरीसाठी या देशात येतात, महाराष्ट्रातलीही कुटुंबे इथे आहेत, आणि सर्वांच्या घरी एक अनुभव सारखा आहे. जे यंत्र वाक्वाच्या थंड हवेत चार वर्षे कुरकुरले नाही, त्याला इथला पहिला उन्हाळा जड जातो.

याचे कारण सोपे आहे. संगणकाचा पंखा हवा थंड करत नाही, तो खोलीतलीच हवा आतून फिरवतो. खोली दहा अंशांनी तापली की आतले भागही साधारण तेवढ्याच अंशांनी अधिक तापतात. घरातले सगळे कामावर गेले म्हणून एसी बंद केला, शाळेतून आलेला मुलगा तापलेल्या खोलीत खेळायला बसला, आणि खोके टेबलाखाली पडद्याच्या मागे कोंबलेले. मग ते बंद न पडेल तर नवल. इथल्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या जुन्या किल्ल्यात एक वारामनोरा आहे. राज्यकर्त्यांचे घराणे १९६४ पर्यंत याच किल्ल्यात राहत असे, आणि १९८७ पासून तिथे संग्रहालय आहे. उंचावरचा वारा पकडून तो खाली खोलीत उतरवायचा आणि कोंडलेली गरम हवा बाहेर जाऊ द्यायची, अशी ही विजेशिवाय चालणारी युक्ती. संगणकाच्या खोक्यातही हेच तत्त्व आहे. पुढून हवा आत येते, मागून आणि वरून बाहेर जाते. पुढची जाळी धुळीने बंद झाली, किंवा खोक्याची पाठ भिंतीला टेकली, की मनोऱ्याचे तोंडच बुजले म्हणायचे.

तेव्हा पहिली परीक्षा फुकटची आहे. खोक्याची बाजूची पट्टी काढा, समोर टेबलपंखा लावा आणि नेहमीचा खेळ नेहमीइतका वेळ खेळू द्या. यंत्र बंद पडले नाही, तर दोष हवेच्या वाटेत आहे हे जवळजवळ ठरले. दुसरी परीक्षाही फुकटची. खेळाच्या सेटिंगमध्ये दर सेकंदाला किती चित्रे उमटावीत याची मर्यादा साठवर आणा. त्याने ग्राफिक्स कार्डाचे श्रम कमी होतात. एवढ्याने बंद पडणे थांबले, तर उष्णता किंवा वीज या दोहोंपैकी एकाकडे बोट दाखवता येते. या दोन संध्याकाळी खर्च केल्याशिवाय कोणीही दुकानात जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

धूळ काढायची तर यंत्र बंद करून, तार काढून, घराबाहेर काढावी. हवेचा डबा वापरताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते भलत्याच वेगाने फिरून खराब होते. घर झाडायचा व्हॅक्यूम आत घालू नये. त्याच्या नळीतून स्थिर विजेचा झटका नाजूक भागांना बसू शकतो. यंत्र चार-पाच वर्षांचे असेल तर प्रोसेसरवरची उष्णतावाहक पेस्ट वाळलेली असण्याचा संभव असतो, ती नवी लावून घ्यावी. आपल्याकडे बेटावर धूळ कमी, पण समुद्राची खारी हवा, ओल आणि मुंग्या आहेत. मेमरीच्या पट्ट्या एकदा काढून पुन्हा घट्ट बसवल्याने सुरळीत झालेली यंत्रे थोडीथोडकी नाहीत.

इथवर सारे आपल्या हातचे आहे. पण सगळी दुखणी धुळीची नसतात, आणि ग्राहकानेच काहीतरी केले असेल असे धरून चालणाऱ्या दुकानदारांसाठी गेल्या काही वर्षांतली एक हकिगत मुद्दाम सांगितली पाहिजे.

इंटेल कंपनीने २०२२ च्या ऑक्टोबरात तेराव्या पिढीचे आणि २०२३ च्या ऑक्टोबरात चौदाव्या पिढीचे टेबलावरच्या संगणकांचे प्रोसेसर बाजारात आणले. हे महागडे प्रोसेसर घेणारे बहुतेक खेळाडूच. काही महिन्यांत तक्रारी येऊ लागल्या. खेळ उघडताच तो बंद पडे आणि पडद्यावर संदेश येई की व्हिडिओ मेमरी संपली. व्हिडिओ मेमरी म्हणजे ग्राफिक्स कार्डावरची मेमरी. साहजिकच माणसांनी ग्राफिक्स कार्डाला दोष दिला. कोणी ड्रायव्हर बदलले, कोणी विंडोज पुन्हा घातले, कोणी नवे कार्डच विकत घेतले. दोष मात्र प्रोसेसरमध्ये होता. खेळाची दाबून ठेवलेली माहिती उलगडताना त्याचे हिशेब चुकत, आणि चुकलेल्या हिशेबाचा अर्थ खेळाचा प्रोग्रॅम 'मेमरी नाही' असा लावी. यंत्र जे सांगत होते त्याचा शब्दार्थ खोटा होता.

हे प्रकरण उजेडात आणण्यात खेळ बनवणाऱ्यांचाच मोठा वाटा आहे. 'वॉरफ्रेम' या खेळाच्या कर्त्यांनी आपल्याकडे आलेल्या नोंदी तपासून या दोन पिढ्यांकडे बोट दाखवले. अल्डेरॉन गेम्स या कंपनीने २०२४ च्या जुलैत उघडपणे लिहिले की हे प्रोसेसर आमच्याकडे मोठ्या प्रमाणावर निकामी होत आहेत. त्याच महिन्याच्या २२ तारखेला इंटेलने कबुली दिली की प्रोसेसरच्या आतल्या सूचनांत चूक असल्यामुळे तो गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड आला, सप्टेंबरात आणखी एक आला, आणि कंपनीने या प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढवून खरेदीपासून पाच वर्षांची केली. मात्र एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. मायक्रोकोडने पुढची झीज थांबते, झालेली झीज भरून येत नाही. जो प्रोसेसर एकदा दुखावला तो बदलूनच घ्यावा लागतो.

आता ज्यांच्या घरी 'कोअर आय-सात' किंवा 'आय-नऊ' आहे आणि आकडा तेरा किंवा चौदाने सुरू होतो, त्यांनी दोन कामे आजच करावीत. पहिले, मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरून नवीन बायोस उतरवून घालावे आणि त्यात इंटेलची मूळ सेटिंग निवडावी. दुसरे, खरेदीची पावती शोधून ठेवावी. २०२२ च्या शेवटी घेतलेल्या प्रोसेसरची हमी २०२७ च्या शेवटापर्यंत चालते. तयार जुळवलेला संगणक घेतला असेल तर दाद जुळवणाऱ्या कंपनीकडे मागावी लागते.

त्याआधीची एक गोष्टही आठवते. २०२१ च्या जुलैत ॲमेझॉनच्या 'न्यू वर्ल्ड' या खेळाची मर्यादित चाचणी चालू असताना काही अतिशय महाग ग्राफिक्स कार्डे निकामी झाली. सारे जग खेळावर तुटून पडले. पुढे कार्डे बनवणाऱ्या ईव्हीजीए कंपनीनेच सांगितले की सुमारे दोन डझन कार्डांवर सोल्डरिंगचे काम कच्चे झाले होते. खेळाने फक्त कच्चा सांधा शोधून काढला.

म्हणून माझे म्हणणे असे, की घरात एक वही ठेवावी आणि ती मुलाच्याच हातात द्यावी. केव्हा बंद पडले, कोणता खेळ होता, किती मिनिटांनी, खोलीत एसी चालू होता की नव्हता, आणि नेमके काय दिसले हे त्याने लिहावे. यातले शेवटचे सर्वांत मोलाचे. दिव्याची कळ दाबावी तसे सारे एकदम अंधारले, तर संशय वीज पुरवणाऱ्या डब्यावर किंवा अति उष्णतेवर. पडदा काळा पण आवाज चालूच, तर ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर किंवा पडद्याची तार. खेळ तेवढा मिटून डेस्कटॉप दिसला, तर ड्रायव्हर, खेळाच्या फायली, मेमरी किंवा वर सांगितलेला प्रोसेसर. निळा पडदा आला तर त्यावरचे अक्षर-आकडे जसेच्या तसे टिपून घ्यावेत. एकाच खेळात होते की सगळ्याच, हेही पाहावे. एकाच खेळात होत असेल तर आधी त्या खेळाच्या फायली तपासून दुरुस्त करून घ्याव्यात. फुकट मिळाला म्हणून चोरीची प्रत घातली असेल, तर तिच्याबरोबर दुसऱ्यासाठी नाणी खणणारा प्रोग्रॅम घरात शिरला असणे अशक्य नाही. तसे यंत्र कोणी न खेळताही तापते. तेव्हा मुलाचे कान धरायला माझी हरकत नाही.

विंडोजमध्येही एक नोंदवही असते, तिला इव्हेंट व्ह्यूअर म्हणतात. तिच्यात बंद पडण्याच्या वेळी 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद सापडते. 'पॉवर' हा शब्द वाचून कित्येकजण लगेच नवा पॉवर सप्लाय घेऊन येतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की यंत्र रीतसर बंद न होता थांबले. का थांबले हे ती सांगत नाही. बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या चिठ्ठीवर 'पडला' एवढेच लिहावे, तसे हे आहे. त्याच वेळच्या आसपास 'डब्ल्यूएचईए' नावाच्या नोंदी असतील तर मात्र त्या प्रोसेसर, मेमरी किंवा कार्ड अशा एखाद्या भागातल्या बिघाडाकडे बोट दाखवतात, आणि दुकानदारासमोर त्या छापून ठेवता येतात.

मेमरीबद्दल एक शब्द. जलद मेमरी घेतली की जुळवणारा तिची 'एक्सएमपी' किंवा 'एक्स्पो' ही सेटिंग चालू करून देतो. तो वेग खोक्यावर छापलेला असला, तरी प्रत्येक प्रोसेसर तो पेलतोच असे नाही. ती सेटिंग बंद करून आठवडाभर खेळावे. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून पाहावे. रात्री झोपताना मेमटेस्ट चालू ठेवावा. सकाळी एकही चूक दिसली तर ती पट्टी गेली असे समजावे.

विजेच्या डब्याबाबत लोक फक्त वॉटचा आकडा विचारतात. अलीकडची मोठी कार्डे क्षणभरासाठी आपल्या नेहमीच्या मागणीपेक्षा खूप अधिक वीज ओढतात, आणि स्वस्त डबा त्या एका क्षणाला मान टाकतो. कार्डाला दोन तारा लागत असतील तर डब्यातून दोन वेगळ्या तारा आणाव्यात, एकाच तारेची दोन तोंडे लावू नयेत. २०२२ च्या शेवटी निघालेल्या सर्वांत मोठ्या कार्डांच्या नव्या बारीक जोडणीत तोंड पुरते न बसल्याने प्लास्टिक वितळल्याची प्रकरणे घडली होती. ते तोंड शेवटपर्यंत दाबून बसवले आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. आणि जिथे फ्रिज, इस्त्री आणि संगणक एकाच लांब तारेच्या पट्टीवर लटकलेले आहेत, तिथे आधी ती पट्टी बदलावी. आपल्या बेटावर वादळाचा इशारा झाला की तार भिंतीतून काढून ठेवावी, कारण वीज जाण्याने जितके नुकसान होते त्याहून जास्त ती परत येताना होते.

मात्र या सर्व प्रकारांत एका वेळी एकच बदल करावा. एकाच संध्याकाळी धूळ काढली, ड्रायव्हर बदलला, बायोस घातले आणि मेमरीही काढली, तर यंत्र बरे झाले तरी कशाने झाले हे कळत नाही, आणि पुन्हा आजारी पडले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

दुकानांविषयी थोडे कडवटपणे लिहिले पाहिजे. इथे काय आणि तिकडे काय, बंद पडणारा संगणक नेला की उत्तर ठरलेले. पहिल्या फेरीला "फॉरमॅट मारू", दुसऱ्या फेरीला "नवीन कार्ड घ्या". फॉरमॅटने ड्रायव्हरचा घोळ कधी सुटतो हे खरे, पण उष्णता, वीज, मेमरी आणि झिजलेला प्रोसेसर यांतले काहीच त्याने बरे होत नाही. जाते ते घरातले. आजोबांच्या आवाजाची ध्वनिफीत, गेल्या गणेश चतुर्थीचे फोटो, मुलीचे दोन वर्षांचे शाळेचे काम. एका पगारातून घेतलेले कार्ड परत घेतले जात नाही ते वेगळेच. म्हणून यंत्र घराबाहेर काढण्यापूर्वी सर्व फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात आणि दुकानदाराला आपली वही दाखवावी. तो वही वाचत नसेल तर दुसरे दुकान गाठावे. नवा भाग सुचवला तर आधी दुकानातला तसाच भाग लावून आपल्यासमोर अर्धा तास तोच खेळ चालवून दाखवण्यास सांगावे. प्रामाणिक कारागीर याला नाही म्हणत नाही. इथल्या अल नखीलच्या गल्ल्यांतही असे कारागीर आहेत आणि आपल्या बेटावरही आहेत.

शेवटी ज्या घरचे कोणी सुटीत गावी येणार आहे आणि "येताना अमिरातीतून एक चांगला संगणक घेऊन ये" असा निरोप ज्याला गेला आहे, त्याच्यासाठी. हमी कोणत्या देशांत चालते ते पैसे देण्यापूर्वी लेखी घ्यावे. कित्येक हम्या फक्त आखाती देशांपुरत्या असतात, आणि मग प्रत्येक दुखण्याला विमानाचे तिकीट लागते. दोन्हीकडे वीज एकाच जातीची आणि तीन चौकोनी दातांचा प्लगही तोच, त्यामुळे तिथे अडचण नाही. जड ग्राफिक्स कार्ड मात्र खोक्यात लटकत ठेवून विमानात घालू नये. ते काढून मूळ डब्यात, अंगावरच्या सामानात न्यावे. सामान आपटणाऱ्यांच्या हाती त्याची खाच मोडलेली मी पाहिली आहे. घरी पोचल्यावर यंत्र दोन-तीन तास तसेच राहू द्यावे, गार भागांवर आपल्या दमट हवेचे पाणी जमते ते सुकेल. नंतर कार्ड बसवावे, दोन्ही तारा दाबून लावाव्यात, आणि पाहुणा परत जाण्यापूर्वी एक अख्खी दुपार मुलांना मनसोक्त खेळू द्यावे. काही कच्चे निघायचे असेल तर ते पावती देणारा माणूस घरात असतानाच निघालेले बरे.